काठावर

पोहण्याच्या तलावावरच्या आमच्या सकाळच्या लेडीज बॅचमध्ये पाळीला पाळी म्हणत नाहीत. 'आज मी काठावर' म्हणतात. मी बॅचला यायच्या आधीपासून हा शब्द तिथे रुळलेला होता. पावणेसातला शिट्टी वाजते, कॅपा घातलेल्या वीस-पंचवीस बायका शिडीवरून एकेक करत पाण्यात उतरतात आणि दोघी-तिघी सलवार-कुडत्यात सिमेंटच्या बाकावर बसून राहतात. पाण्यातून कुणीतरी ओरडतं, "काय गं, काठावर?" ती मान डोलावते. संपलं. मग त्या येतात तरी कशाला? कारण घरी राहिलं तर तो पाऊण तास डब्यात जातो. बाकावर बसलं तर निदान पाण्याकडे बघता येतं.

शाळेत पस्तीस मार्क मिळाले की काठावर पास म्हणायचे. आम्ही महिन्यातले पाच दिवस काठावर नापास.

मी जन्माने नौपाड्याची. ठाण्याला तलावांचं शहर म्हणतात, आणि तलाव आहेतच: तलावपाळीचा मासुंदा, पाचपाखाडीतला कचराळी, येऊरच्या पायथ्याचा उपवन. पण हे तलाव बघायचे. काठाने फेरी मारायची, भेळ खायची, गडकरी रंगायतनचं नाटक सुटल्यावर कठड्यावर टेकायचं. उतरायचं नाही. आमच्या जुन्या इमारतीत अकरा बिऱ्हाडं होती आणि त्यांत पोहता येणारी एकही बाई नव्हती. असं मी अगदी परवापरवापर्यंत समजत होते. त्या गोष्टीकडे मागाहून येते.

१९९३ च्या मे महिन्यात बाबांनी मला आणि धाकट्या भावाला पोहण्याच्या सुट्टीतल्या वर्गाला घातलं. एकवीस दिवसांचा वर्ग. पहिला आठवडा कठडा धरून पाय मारायचे, मग कमरेला ठोकळा बांधून, मग ठोकळा सोडून. दहाव्या दिवशी मी आधाराशिवाय तलावाची रुंदी पार केली. सर म्हणाले, "उद्यापासून खोल बाजूला." आणि त्याच संध्याकाळी मला पाळी आली. तिसरी की चौथीच असेल. तिचं वेळापत्रक अजून बसलेलं नव्हतं.

आई म्हणाली, "आता चार दिवस नाही जायचं." बस, एवढंच. का नाही, काय होतं, काहीच नाही. भाऊ नऊ वर्षांचा, त्याला सोडायला मात्र मीच. म्हणून फ्रॉक घालून पायऱ्यांवर बसले. सरांनी विचारलं, "तू का गं बाहेर?" म्हटलं, "सर्दी झालीय." सर म्हणाले, "तुम्हा मुलींना दर महिन्याला बरी सर्दी होते!" आणि हसले. शेजारचे दोन मुलगेही हसले. त्यांना कळलं होतं की नुसतं सर हसले म्हणून हसले, यावर मी पुढची पाच-सात वर्षं विचार केला असेन.

पाचव्या दिवशी गेले तर माझ्या बरोबरीची मुलं बारा फुटांत मुटके मारत होती. मला पुन्हा उथळ बाजूला, कठडा धरून, नव्या पोरांच्यात. वर्ग संपला. भावाला प्रमाणपत्र मिळालं. मला खोल पाण्याची भीती बसली असं नाही म्हणणार. उथळ पाण्याची सवय लागली.

पुढची तीस वर्षं गेली शिक्षण, नोकरी, लग्न, घोडबंदर रोडचा फ्लॅट, मुलगी, यांत. बेचाळिसाव्या वर्षी कंबर धरली. मी हिशेबनीस, दिवसाचे नऊ तास खुर्चीत. डॉक्टर म्हणाले, "पोहा." आणि मी कपाटातून तीस वर्षांची भीड काढून, झटकून, पुन्हा बॅचला नाव घातलं.

हिशेबाची सवय वाईट. महिन्याचा पास पंधराशे रुपये, सोमवारी तलाव बंद, म्हणजे सव्वीस दिवस. दिवसाला जवळजवळ अठ्ठावन्न रुपये. पाच दिवस काठावर म्हणजे २८८ रुपये पाण्यात, तेही पाण्यात न उतरता. वर्षाचे साडेतीन हजारांच्या आसपास. पैशांचं दुःख नव्हतं खरं तर. पण आकडा मांडला की मला राग नीट येतो.

त्या रागाच्या भरात एक मूर्खपणा केला. चौथा दिवस होता, अगदी थोडंच जात होतं. म्हटलं पातळ पॅड लावून वर गडद रंगाचा कॉश्च्यूम घातला तर कुणाला कळणार आहे? ज्या बायका हे वाचताना आत्ताच हसल्या त्यांना पुढचं माहीत आहे. पॅडला रक्त आणि पाणी यांतला फरक कळत नाही. त्यातल्या जेलचं काम दिसेल तो ओलावा पिऊन फुगणं. तलावभर पाणी समोर आल्यावर त्याने जीव तोडून काम केलं. चहात पडलेल्या टोस्टासारखं ते पाच मिनिटांत फुगलं, गोंद सुटला आणि वस्तू कॉश्च्यूमच्या आत हळूहळू मागच्या दिशेने प्रवासाला निघाली. मी उथळ पाण्यात कठड्याला पाठ लावून, एक हात मागे धरून, बॅच संपेपर्यंत उभी. सगळ्या बाहेर पडल्यावर शिडी चढले. कपडे बदलायच्या खोलीपर्यंत तीस पावलं. ती मी मोजली आहेत.

तिथे सिस्टर भेटली.

सिस्टर म्हणजे आमच्या बॅचमधली कळव्याची नर्स. रात्रपाळी संपवून थेट तलावावर येते, पोहते, डबा खाते आणि मग घरी जाऊन झोपते. तिला नावाने कुणी हाक मारत नाही. तिने माझ्याकडे एकदा वरून खाली पाहिलं आणि सुटलीच. "पॅड लावून उतरलीस? अगं बाई, तू काय पाणी टिपायला आलीयेस का?" मग पंधरा मिनिटं, ओल्या केसांनी, तिने मला ते सांगितलं जे १९९३ साली कुणीतरी सांगायला हवं होतं.

पहिली गोष्ट, पाण्यात गेलं की पाळी थांबते हे खोटं. बाहेरच्या पाण्याचा दाब असतो म्हणून वाहणं कमी होतं, कधीकधी जाणवतही नाही. पण गर्भाशयाला कुठे माहीत आपण पोहतोय ते; त्याचं काम चालू असतं. खोकला आला, जोरात हसलं, उडी मारली तर थोडं बाहेर येऊ शकतं. आणि शिडी चढून वर आलं की दाब गेला, वजन खाली आलं, मग एकदम येतं. म्हणून बायकांना वाटतं पाण्यातून बाहेर आल्यावर जास्त जातं. जास्त नाही, मगाचचं राहिलेलं.

म्हणजे पाण्यात काही होतच नाही. जे होतं ते काठावर होतं. हे सिस्टरचं वाक्य नाही, माझं आहे, आणि त्या तीस पावलांनंतर मला ते फार पटलेलं आहे.

दुसरी गोष्ट, पोहायचं तर बाहेर लावायची वस्तू नको, आत बसणारी हवी. टॅम्पॉन, म्हणजे आत ठेवायचा कापसाचा बोळा, किंवा कप, म्हणजे आत बसून रक्त झेलणारी छोटी मऊ वाटी. अगदी कमी जात असेल तर पाळीसाठीचे खास पोहण्याचे कपडेही मिळतात, आतून थर असलेले. पण दुसऱ्या दिवशीच्या धारेला ते पुरत नाहीत.

टॅम्पॉन आणायला गोखले रोडवर गेले. पॅड मागितलं की औषधवाला वर्तमानपत्रात गुंडाळून, वर काळी पिशवी चढवून असं देतो की बघणाऱ्याला हमखास कळावं आत काय आहे. टॅम्पॉन म्हटल्यावर त्याने मला दुसऱ्यांदा म्हणायला लावलं, मग स्टुलावर चढून सगळ्यात वरच्या फळीवरून धूळ बसलेला खोका काढला. आत सूचनांचा कागद, घडी उलगडली तर आमच्या टीपॉयएवढा. वस्तू मात्र बोटाच्या पेराहून थोडी मोठी, कापसाची, मागे दोरी. पोहताना ती दोरी आत सारून ठेवायची. बाहेर आलं की लगेच बदलायचं, कारण दोरीवाटे तलावाचं पाणीही थोडंफार आत शोषलं जातं. आणि आठ तासांवर एक मिनिट ठेवायचं नाही. सिस्टरने हे बोट रोखून सांगितलं होतं. १९८० साली अमेरिकेत खूप शोषून घेणारे टॅम्पॉन तासन्‌तास ठेवल्यामुळे बायका दगावल्या होत्या. जिवाणूंचं विष रक्तात भिनतं, एकदम सणकून ताप, उलट्या, चक्कर, अंगावर लाल चट्टे. "क्वचित होतं," ती म्हणाली, "पण क्वचित म्हणजे कधीच नाही असं नसतं. गरजेपुरता छोटा घ्यायचा आणि वेळ लक्षात ठेवायची."

टॅम्पॉनने दोन महिने निभावलं. पण तो नीट बसला नाही की चालताना टोचतो, बसला की कोरडेपणा जाणवतो, आणि दरवेळी त्या औषधवाल्याला स्टुलावर चढवायचं. मग कप घेतला.

कपाबद्दल लोक असं बोलतात जणू तो काल आला. लिओना चाल्मर्स नावाच्या अमेरिकन अभिनेत्रीने १९३७ साली कपाचं पेटंट घेतलं होतं. तेव्हा रबराचा, आता सिलिकॉनचा. माझ्या आईच्या जन्माच्याही आधीची वस्तू, ठाण्यात माझ्यापर्यंत पोचायला पंच्याऐंशी वर्षं लागली. तीन-चारशे रुपयांत मिळतो आणि नीट वापरला तर वर्षानुवर्षं चालतो. घ्यायच्या आधी सिस्टरने एकच प्रश्न विचारला: "तांबी, म्हणजे कॉपर-टी, बसवलीय का?" बसवलेली असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय कप नको, काढताना ओढ बसून तांबी सरकू शकते. मला नव्हती.

पहिला प्रयत्न शनिवारी दुपारी, घरच्या न्हाणीघरात. हात स्वच्छ धुतले. कपाची घडी घालायची, म्हणजे कड आत दुमडून कळीसारखी करायची. आत सारायची, सोडायची, ती उघडते आणि बसते. वाचायला इतकं सोपं. माझी कळी तीनदा हातातून सुटली. एकदा उडून बादलीत, एकदा थेट गीझरच्या खाली. बाहेरून नवऱ्याचा आवाज, "बरी आहेस ना? पाऊण तास झाला." मी घामाघूम. फोनवर सिस्टर म्हणाली, "दात-ओठ खाऊन नाही बसत ते. उकिडवी बस, लांब श्वास सोड, जबडा सैल कर." जबड्याचा काय संबंध? पण आहे. जबडा सोडला की खालचे स्नायूही सुटतात. आमचे तलावावरचे सर तरंगायला शिकवताना नेमकं हेच सांगतात, मान ताठ ठेवलीस की पाय बुडणार. चौथ्या खेपेला कप बसला. आत 'पक्' असं काहीतरी झालं. बोट फिरवून पाहिलं, कड गोल उघडलेली. आणि मग, खरं सांगते, काहीच जाणवेना. मी उठून कोथिंबीर निवडायला बसले.

घालण्यापेक्षा काढण्याची भीती जास्त. संध्याकाळी हात लावला तर कपाचं शेपूट, म्हणजे बुडाची दांडी, सापडेना. वर गेला! आता पोटात जाणार! पुन्हा फोन. सिस्टर कामावर होती, तरी घेतला. "अगं, वर कुठे जाणार? गर्भाशयाचं तोंड अगदी बारीक असतं. पुढे रस्ताच नाही, बंद गल्ली आहे ती. उकिडवी बस, खाली जोर दे, येईल आपोआप. आणि शेपूट धरून ओढू नकोस, बूड चिमटीत दाब, हवा जाऊ दे, मग काढ." आला. मी तो दिव्याखाली धरला आणि बघतच राहिले.

कपावर रेघा असतात. मिलिलिटरच्या. दिवसभराचं, चांगल्या वाहत्या दिवसाचं, माझं सगळं मिळून १२.

एवढंच?

तीस वर्षं मला वाटत होतं बादलीभर जातं. पॅडवर पसरलेला तो लाल नकाशा, चादरीवरचे डाग, शाळेत मैत्रिणीला "मागे बघ ना गं" म्हणणं, या सगळ्याच्या मुळाशी एवढंसं काहीतरी. त्या महिन्यात मी वहीत आकडे लिहिले. पाच दिवसांचे मिळून ३८ मिलिलिटर. पोह्याच्या चमच्याने नाही, वाढायच्या मोठ्या चमच्याने अडीच चमचे. डॉक्टरी पुस्तकांत साधारण तीस-चाळीस मिलिलिटर सांगतात, आणि ऐंशीच्या वर गेलं तर जास्त समजून तपासून घ्यायला हवं. जिचं जास्त जातं तिलाही हे पॅडवर नीट कळत नाही, रेघांवर कळतं. आमच्याच बॅचमधल्या एकीला कप दर तीन तासांनी रिकामा करावा लागायचा. सिस्टरने तिला हिमोग्लोबिन तपासायला पिटाळलं, आणि ते बरंच खाली निघालं.

बाकी कपाची दगदग आहेच. पाळी संपली की पाच मिनिटं उकळायचा. त्यासाठी मी जुनं स्टीलचं पातेलं वेगळं ठेवलंय. एकदा सासूबाईंनी झाकण उचलून विचारलं, "काय शिजतंय गं हे?" मी सांगितलं. त्यांनी झाकण इतक्या सावकाश परत ठेवलं की आतल्याची झोप मोडू नये. आणि बारा तासांत एकदा तरी काढून, धुऊन पुन्हा घालायचा, हे विसरायचं नाही. २०१९ मध्ये लॅन्सेटच्या सार्वजनिक आरोग्याच्या नियतकालिकात ४३ अभ्यासांचा एकत्र आढावा आला होता. कपातून गळती होण्याचं प्रमाण पॅड-टॅम्पॉनइतकंच किंवा कमी असं त्यात निघालं. आणि सवय व्हायला काही पाळ्या जातात हेही. मला तीन गेल्या.

अविवाहित मुलींनी वापरलं तर चालतं का, असा प्रश्न बॅचमध्ये कुजबुजत आलाच. योनीचा पडदा फाटेल वगैरे. सिस्टर म्हणाली, "पडदा बंद असता तर पाळी बाहेर आली असती का?" सगळ्या गप्प. हा साधा विचार आमच्यापैकी एकीच्याही डोक्यात कधी आला नव्हता. तो ताणला जाणारा पातळ पदर, कुणाला असतो, कुणाला नसल्यातच जमा, खेळण्या-धावण्यातही बदलतो. त्यावरून कुणाच्या चारित्र्याचा ताळेबंद निघत नाही.

मग आल्या काकू. आमच्या बॅचच्या सगळ्यात ज्येष्ठ, अडुसष्ट वर्षांच्या, अजून सलग दहा फेऱ्या मारतात. मी दुसऱ्या दिवशी पाण्यात उतरले हे त्यांना कळलं आणि त्या बाकाशी येऊन हळूच म्हणाल्या, "राग मानू नकोस हो, पण पाणी सगळ्यांचं असतं."

मी राग मानला नाही. फोनवरचं कॅल्क्युलेटर काढलं. तलाव पंचवीस मीटर लांब, साडेबारा रुंद, खोली सरासरी दीड मीटर धरली. खोल बाजू बारा फूट आहे, म्हणजे मी कमीच धरलं. चार लाख अडुसष्ट हजार लिटर. कप घातलाय म्हणजे बाहेर काही येत नाही; तरी धरा, गळला आणि चहाचा एक चमचा आलं, तर नऊ कोटी भागांत एक भाग. शिवाय पाण्यात क्लोरीन असतं ते कशासाठी? आणि काकू, तलावावर आल्याबरोबर नाकाला झोंबतो ना, तो वास नुसत्या क्लोरीनचा नसतो. क्लोरीन आपल्या घामाला आणि लघवीला भेटलं की जे तयार होतं त्याचा असतो. डोळे चुरचुरतात ते त्याच्याने. अंगावर पाणी न घेता जे थेट उड्या मारतात त्यांना आधी बोला.

काकूंनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाल्या, "हिशेब बरोबर असेल गं तुझा. मनाला पटत नाही." आणि पाण्यात गेल्या. मात्र दुसऱ्या दिवसापासून उतरण्याआधी शॉवर घ्यायला लागल्या, आणि न घेणाऱ्यांवर ओरडायलाही. एवढं मला पुरलं.

घरी वेगळीच गंमत. मुलगी तेरा वर्षांची, सोसायटीच्या तलावावर शिकते. तिला पहिल्यांदा असा दिवस आला तेव्हा ती सरांना सरळ म्हणाली, "सर, पीरियड्स आहेत, आज नाही उतरत." सर म्हणाले, "बरं, मग काठावर बसून टायमिंग घे." बस. मी शेजारी उभी होते आणि माझ्याच कानाच्या पाळ्या तापल्या. तिनेच मला मोबाइलवर फू युआनहुईची मुलाखत दाखवली. २०१६ चं रिओ ऑलिंपिक. चीनचा संघ मेडले रिलेत चौथा आला, आणि ही वीस वर्षांची पोरगी पोट धरून खाली बसलेली. कॅमेऱ्यासमोर सांगून मोकळी झाली की काल रात्रीच पाळी आली म्हणून थकवा आहे, पण ते काही कारण नाही, मी नीट पोहले नाही. चीनमध्ये तेव्हा लोकांना पहिला धक्का बसला तो पाळीत पोहता येतं याचाच. मला तिचं ते खाली बसणंच जवळचं वाटलं. जगातली इतकी मोठी पोहणारी, आणि दुसऱ्या दिवसाची कळ तशीच.

मग मी, नव्याने बाटलेली, मुलीच्या मागे लागले. छोटा कप मिळतो, मी शिकवते, नाहीतर ते थरवाले कपडे आणू, स्पर्धेच्या आधी दिवस बुडायला नकोत. ती दोन मिनिटं ऐकून म्हणाली, "आई, मला पोहायला भीती वाटत नाहीये. माझं पोट दुखतंय. मला गरम पाण्याची पिशवी दे." मी पिशवी भरायला गेले. त्या दिवसांत गर्भाशय आकुंचन पावायला लावणारी द्रव्यं शरीरात तयार होतात, त्याची ती कळ. हलक्या व्यायामाने बऱ्याच जणींना बरं वाटतं, मला पाण्यात पाठीवर तरंगलं की कंबर सुटल्यासारखी वाटते. तिला नाही वाटत. मीसुद्धा डिसेंबरातल्या गार पाण्यात पहिल्या दिवशी उतरत नाही, बाकावर बसते आणि पिशव्या सांभाळते.

आता ती आईची गोष्ट. गेल्या महिन्यात नौपाड्याला गेले होते. आई वालाच्या बिरड्या सोलत बसली होती, मीही परातीत हात घातला. बोलता बोलता कपाचं, तलावाचं सांगितलं. वाटलं कानावर हात ठेवेल. ती म्हणाली, "चार दिवस तर आम्ही पोहायचो."

"कोण?"

"मी. आणि चुलत बहिणी."

आईचं माहेर रोह्याकडचं. "घरात शिवायचं नाही, विहिरीवर जायचं नाही, चुलीशी नाही, देवाकडे तर नाहीच. दिवसभर पडवीत बसून करणार काय? मग धुणं घेऊन नदीच्या खालच्या कोंडीवर, डोहावर, पाठवायचे. वरचा घाट गावच्या पाणी भरण्याचा, म्हणून आम्ही खाली. तिकडे एक पुरुष फिरकायचा नाही, बाटेल ना!" ती खुसखुसली. "दोघी-तिघी असायचो. परकराचा काचा मारायचा आणि सूर. कोंड चांगली दोन पुरुष खोल. बाकीचे सव्वीस दिवस काम असायचं गं, पोहणार कधी? ते चार दिवस फक्त."

"आणि रक्त?"

"नदी वाहती असते."

मी बिरडी सोलायची थांबले. अकरा बिऱ्हाडांत पोहता येणारी एकही बाई नाही, आणि ही दोन पुरुष पाण्यात सूर मारणारी, सत्तर वर्षांची, माझ्यासमोर. विचारलं, "मग त्या मे महिन्यात मला का नाही पाठवलंस?"

तिने पाच-सहा बिरड्या सोलल्या. साली एका बाजूला, दाणे एका बाजूला.

"तिथे बघणारे होते," म्हणाली.

गेल्या आठवड्यात, दुसऱ्या दिवशी, मी पहिल्यांदा खोल बाजूला गेले. सर बांबू घेऊन काठाने चालत होते. मध्ये एकदा खाली पाहिलं तर तळाच्या निळ्या फरश्या एकदम दूर गेलेल्या. तोंडात पाणी गेलं, बांबू धरला, सोडला, पुन्हा निघाले. पलीकडच्या कठड्याला हात लागला तेव्हा पाळी आहे हे माझ्या लक्षातही नव्हतं. ते लक्षात आलं शिडी चढल्यावर, सवयीने. काही नव्हतं. तीस पावलं चालले, यावेळी मोजली नाहीत असं लिहिणार होते, पण मोजली.

कपडे बदलायच्या तीन खोल्यांपैकी एकीची कडी सहा महिन्यांपासून मोडलेली आहे. तक्रारवहीत मी तीनदा लिहिलंय, तारखेसकट. झाकणाचा कचऱ्याचा डबा हवा हेही लिहिलंय. नेमक्या दुसऱ्या दोन्ही खोल्या भरलेल्या. सिस्टर म्हणाली, "जा तू, मी आहे." बाहेरून तिने दाराला पाय लावला. दाराखालच्या फटीतून तिचं पाऊल दिसत होतं, ओलं, अंगठ्याचं नेलपॉलिश अर्धं उडालेलं. मी उकिडवी बसले, जबडा सोडला, लांब श्वास सोडला.

"आटप गं," बाहेरून आवाज आला, "माझ्या डब्यात थालीपीठ आहे, गार होतंय."